पराभूत खल आणि सावध नायक : सांगलीचा रंगमंच व प्रतापगडची कथा

१

खलपुरुष पराभूत झाला म्हणजे कथा संपली, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. टीकाग्रंथांतही संघर्षाचा उगम, त्याचा विकास आणि परमोत्कर्ष यांची चर्चा विस्ताराने होते. पराभवानंतर त्या खलाचे काय झाले, त्याचे शव कोठे गेले, त्याच्या आप्तांनी काय केले, जिवंत सापडला तर त्याच्याशी कसे वागावे असे ठरले, या गोष्टी उपसंहारात उरकल्या जातात. त्याचप्रमाणे संघर्षापूर्वी नायकाने घेतलेली खबरदारी ही कथानकाच्या सोयीची बाब समजली जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे दोन प्रश्न गौण नाहीत आणि ते वेगळेही नाहीत. पडलेल्या शत्रूशी कथा कशी वागते यावरून त्या कथेतील नायकाने किती सावध असावे हे ठरते. आणि नायकाच्या सावधगिरीला कथा किती मान देते यावरून तिची शौर्यकल्पना ओळखता येते.

या प्रश्नांचा सर्वांत उघड ऊहापोह आजकाल एका अनपेक्षित ठिकाणी चालतो. मेजाभोवती बसून खेळावयाचे भूमिकाखेळ हे ते ठिकाण होय. आपल्या प्रदेशापुरते पाहिले तर सांगलीच्या विष्णुदासी नाटकांत आणि साताऱ्याकडील प्रतापगडच्या कथेत या प्रश्नांची दोन भिन्न उत्तरे सापडतात. या तिहींची तुलना येथे करावयाची आहे.

२

प्रथम त्या खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे इष्ट होईल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक जण कथा चालविणारा असतो. प्रसंग तो सांगतो, खलांची व इतर गौण पात्रांची भाषणे तोच बोलतो. बाकीचे खेळाडू एकेका नायकाची भूमिका घेऊन आपली कृती व संवाद आयत्या वेळी रचतात. जेथे निष्पत्ती संदिग्ध असेल तेथे फासे टाकले जातात. प्रेक्षक असा नसतोच. कथेचा शेवट कोणाही सहभागी व्यक्तीस आधी ठाऊक नसतो, आणि नायक मरू शकतो.

या अखेरच्या गोष्टीमुळे खेळाडूंच्या ठायी एक विशिष्ट वृत्ती वाढीस लागते. या खेळाच्या पहिल्याच नियमपुस्तकातील साहित्याच्या यादीत दहा फूट लांबीच्या काठीला स्थान मिळाले आहे. अंधाऱ्या भुयारात पुढची फरशी ठोकून पाहण्यासाठी ती काठी वापरावयाची. काठीबरोबर दोर आला, आरसा आला, दाराला कान लावून ऐकणे आले, रात्री पाळीपाळीने पहारा करणे आले. अशा सावधगिरीत चातुर्य असते व गंमतही असते. परंतु प्रत्येक फरशी ठोकली जाऊ लागली की खेळ कंटाळवाणा होतो, आणि साहसकथेचा नायक मालाची मोजदाद करणाऱ्या कारकुनासारखा दिसू लागतो.

पराभूत खलाच्या बाबतीतही हेच घडते. कथा चालविणारा जर असे दाखवीत गेला, की जीवदान दिलेला प्रत्येक दरोडेखोर पुढच्या वळणावर साथीदार घेऊन उलटतो आणि मेलेला प्रत्येक मांत्रिक पुन्हा उठतो, तर खेळाडू लवकरच शहाणे होतात. ते कैद्यांना मारतात, शवे जाळतात, मस्तके वेगळी पुरतात. हे क्रौर्य त्यांनी घरून आणलेले नसते. ते कथेने त्यांना शिकविलेले असते. उलट जीवदान मिळालेला शत्रू कधी आपला शब्द पाळतो, कधी उपयुक्त बातमी देतो, कधी नुसता निघून जाऊन आपली शेती करतो, अशी कथा ज्या मंडळीत चालते तेथे दयेला जागा राहते. सारांश, सावधगिरीचे प्रमाण हा नायकाचा स्वभावविशेष असण्यापेक्षा निवेदक आणि नायक यांच्यातील अलिखित कराराचा परिणाम असतो.

हा विचार आपणांस परका वाटण्याचे कारण नाही. आपला प्राण अन्यत्र लपवून ठेवणारा प्रेतमांत्रिक त्या खेळात आहे. सात समुद्रांपलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात ज्याचा प्राण आहे असा राक्षस आपल्या आजीबाईंच्या कहाण्यांत आहे. जरासंधाच्या शरीराची दोन शकले पुन्हा जुळतात म्हणून ती विरुद्ध दिशांना फेकावी लागतात. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडू द्यावयाचा नसतो. आणि हिरण्यकशिपू तर सावधगिरी खलाच्याच बाजूने दाखवितो: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, असा तो वर मागतो आणि त्या कलमांतल्या फटीतूनच मारला जातो. खलाचा मृत्यू निश्चित करणे ही चिंता आपल्या कथांत पुरातन आहे.

३

आता सांगलीकडे वळू. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ १८४२ साली सांगलीस झाले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तशा धर्तीचे खेळ मराठीत करण्याची आज्ञा विष्णुदास भावे यांना दिली, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, तो या घटनेच्या स्मरणार्थ. इतका इतिहास आपल्या वाचकांस परिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या नाटकांची घडण.

विष्णुदासी नाटकात सूत्रधार आरंभापासून अखेरपर्यंत रंगमंचावर असे. आख्यान तो पदांतून गात असे, आणि त्या पदाच्या आशयास धरून पात्रे आपली गद्य भाषणे आयत्या वेळी करीत. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या भाव्यांच्या ‘नाट्यकविता संग्रहा’त आख्यानांची पदे आहेत, नटांची भाषणे लिहून ठेवलेलीच नव्हती. एकाने कथा चालवावी आणि इतरांनी आपापल्या भूमिकेतून उत्स्फूर्त बोलावे, हीच त्या मेजावरील खेळाची मूळ रचना होय. दोहोंत ऐतिहासिक संबंध मुळीच नाही. तरीही रचनेतील हे साम्य केवळ वरवरचे नाही, कारण निवेदकाचा अधिकार आणि नटाचे स्वातंत्र्य यांची वाटणी कशी करावयाची हा प्रश्न दोन्हींकडे सारखाच उपस्थित होतो.

मात्र एका गोष्टीत दोन्ही प्रकार अगदी विरुद्ध आहेत. सांगलीच्या प्रेक्षकांस आणि नटांस आख्यानाचा शेवट ठाऊक होता. देवपार्टी जिंकणार आणि राक्षसपार्टी हरणार, हे पहिल्या मंगलाचरणापूर्वीच ठरलेले असे. राक्षसाने केव्हा पडावे हे पद ठरवी. कसे पडावे एवढेच नटाच्या हाती उरे. आणि नटांनी त्या उरलेल्या जागेचा पुरेपूर उपयोग केला. भडक रंगविलेले चेहरे, तलवारीचे हात, आरडाओरडा आणि ती प्रसिद्ध आरोळी यांमुळे राक्षस हे त्या नाटकांचे मोठे आकर्षण ठरले. इतके की पुढच्या पिढीतील सुशिक्षितांनी या साऱ्या नाट्यप्रकारालाच उपहासाने ‘अललडुर्र’ नाटके म्हटले.

या उपहासात एक टीकादृष्टी दडलेली आहे, ती नीट उलगडून पाहिली पाहिजे. राक्षस मोठ्याने ओरडतो, पण त्याचे भय वाटत नाही. कारण त्याच्या हातून काही अनिष्ट घडण्याचा संभवच नाही. जेथे धोका नाही तेथे खबरदारी नाही. म्हणून विष्णुदासी नाटकातील देवांना सावध राहण्याचे कारण पडत नाही. त्यांनी चिलखत तपासले तर ते हास्यास्पद ठरेल. त्याचप्रमाणे पडलेल्या राक्षसाचे पुढे काय, हा प्रश्नही तेथे उद्भवत नाही. आज पडलेला रावण उद्याच्या आख्यानासाठी पुन्हा रंग लावून उभा राहणार, हे सर्वांस माहीत असते. मराठी रामकथेच्या परंपरेत स्वयंवराच्या मंडपात धनुष्याखाली दडपला जाणारा रावण आहे. तो हास्याचा विषय होतो, परंतु मरत नाही, कारण पुढची सारी कथा त्याच्यावर अवलंबून आहे. येथे खलाला जीवदान देतो तो नायक नव्हे; ते आख्यानच देते.

ही त्या नाटकांची उणीव समजावी काय? अंशतः होय. परंतु तीत एक निरोगी गोष्टही आहे. ज्या रंगभूमीवर राक्षस रोज मरतो आणि रोज परततो, तेथे त्याच्याविषयी द्वेष साठत नाही. प्रेक्षक त्याची वाट पाहतात. खलाच्या पुनरागमनाचे भय आणि खलाच्या पुनरागमनाचा आनंद यांतील अंतर लक्षात ठेवण्यासारखे आहे.

४

शेवट ठाऊक असूनही धोका जिवंत ठेवता येतो, हे सांगलीस जन्मलेल्या दुसऱ्या नाटककाराने दाखवून दिले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन पाहिला, हे सर्वश्रुत आहे. येथे एक बारकावा नोंदण्याजोगा वाटतो. कर्झनने १९०५ सालीच हिंदुस्थान सोडला होता. म्हणजे व्यक्ती म्हणून तो खल रंगमंचावरून अगोदरच निघून गेला होता. तरीही नाटक प्रक्षोभक ठरले, कारण प्रेक्षकांच्या दृष्टीने खल म्हणजे ती व्यक्ती नव्हती, तर तिच्यामागे उरलेली सत्ता होती. आणि बंदी ही त्या सत्तेने घेतलेली खबरदारीच होय.

या नाटकाचे मूळ जे विराटपर्वातील आख्यान, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत समृद्ध आहे. पांडवांचा अज्ञातवास ही सबंध महाभारतातील सर्वांत मोठी सावधगिरी. द्रौपदीवर हात टाकणाऱ्याचा उघड वध केला तर ती सावधगिरी फुकट जाते. न केला तर क्षत्रियत्व जाते. म्हणून द्रौपदी कीचकास रात्री, एकट्याने, कोणास न सांगता नर्तनागारात येण्यास सांगते, आणि भीम अंधारात वाट पाहतो. वधानंतर शव असे चुरगळले जाते की हातपाय कोणते ते ओळखू येऊ नये, आणि हे कृत्य गंधर्वांचे असे सांगितले जाते. योजना निर्दोष दिसते. परंतु खल मेल्यावरच खरी अडचण सुरू होते. कीचकाचे बांधव सैरंध्रीला त्याच्या शवाबरोबर जाळण्यास नेतात आणि भीमाला पुन्हा बाहेर पडावे लागते. पुढे कीचक मेला ही वार्ता ऐकूनच त्रिगर्तांचा सुशर्मा मत्स्यदेशावर स्वारी करण्याचा सल्ला देतो, आणि अज्ञातवासाचे अखेरचे दिवस संकटात सापडतात. विजयच सावधगिरीला तडा देतो, हे व्यासांनी येथे दाखविले आहे. पराभूत खलाला आप्त असतात, त्याची जागा रिकामी होते, आणि त्या रिकाम्या जागेचेही परिणाम होतात.

५

प्रतापगडच्या कथेत हे सारे धागे एकत्र येतात, आणि तेथे शेवट खरोखरच अज्ञात होता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली. या प्रसंगावरील अज्ञानदासाचा, म्हणजेच अग्निदासाचा, पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुना मानला जातो. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांच्या १८९१ सालच्या संग्रहाने तो अभ्यासकांपुढे आला. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जिंजीस लिहिली गेली.

बखरकाराने खबरदारीचा तपशील किती आस्थेने दिला आहे ते पाहावे. वकिलांच्या फेऱ्या; खानाला डोंगराळ जावळीत आणणे; रानात दबा धरून बसविलेले सैन्य; अंगरख्याखाली चिलखत; हाती बिचवा आणि वाघनखे; सय्यद बंडा दूर करावा ही मागणी; आणि आपणच कामास आलो तर राज्य कसे चालवावे याची आधीच केलेली निरवानिरव. यांतील अखेरची गोष्ट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. भुयारात काठी ठोकणारा खेळाडू स्वतःच्या जिवाची खबरदारी घेतो. येथे नायक आपल्या मृत्यूनंतरची खबरदारी घेतो. सावधगिरी आणि भीती यांतील फरक याहून स्पष्टपणे क्वचितच दाखविला गेला असेल. आपण मरणार नाही अशा विश्वासाने घेतलेली ती काळजी नव्हे. आपण मरू शकतो हे मान्य करून केलेली ती व्यवस्था होय.

अनेक वीरकथांत सावधगिरी लपविली जाते, कारण ती नायकाचे तेज कमी करते अशी समजूत असते. मराठी परंपरेने याच्या उलट केले. तिने चिलखत लपविले नाही. ते कथेचा प्राण बनविले. याच प्रदेशात, चाफळ व सज्जनगड येथे वावरलेल्या रामदासांनी ‘दासबोधा’त हरिकथा आणि राजकारण यांच्यापाठोपाठ सावधपणाला स्थान दिले, हा योगायोग नव्हे. आणि लोकांनी या प्रसंगातून जी म्हण घडविली, ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’, तीत नायकाच्या पराक्रमापेक्षा योग्य माणूस योग्य जागी उभा केल्याचा गौरव आहे. अलौकिक अंशही बखरीत आहे. भवानीचा साक्षात्कार आहे. तथापि देवीने अभय दिल्यावरही चिलखत चढविले जाते. विष्णुदासी नाटकातील देवांना जी गोष्ट शोभली नसती, ती येथे शोभते.

इंग्रजी इतिहासकारांना हीच गोष्ट आक्षेपार्ह वाटली. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात या कृत्याकडे विश्वासघात म्हणून पाहिले. पुढे १८९७ च्या जूनमध्ये शिवाजी उत्सवाच्या निमित्ताने लोकमान्य टिळकांनी या वधाचे समर्थन केले, आणि त्यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात त्या मजकुराचा आधार घेतला गेला. दोन्ही पक्षांचा वाद नीतीचा होता. परंतु त्याच्या मुळाशी कथनाचाही एक प्रश्न आहे. ज्या वाचकाच्या मनात वीर म्हणजे उघड्या छातीने जाणारा, त्याला चिलखत हेच कपट दिसते. ज्याच्या मनात वीर म्हणजे अनेकांचा भार वाहणारा, त्याला चिलखत हे कर्तव्य दिसते. ग्रँट डफच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलेली वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये मुदतीच्या बोलीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती त्याच प्रसंगातील होत असे सिद्ध करता येत नाही, असे लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते. तरीही ती पाहण्यास लोक जमले. नायकाच्या सावधगिरीचे साधनच स्मारक व्हावे, हे या परंपरेला साजेसेच आहे.

६

आता दुसरा प्रश्न. खान पडल्यावर काय झाले? त्याचा मुलगा फाजलखान निसटला. त्याच्या निसटण्यास साहाय्य केल्याचा ठपका खंडोजी खोपड्यावर येतो. कान्होजी जेधे यांच्या रदबदलीमुळे त्याचा जीव वाचला, पण हातपाय तोडण्याची शिक्षा झाली, असे परंपरा सांगते. फाजलखान डिसेंबर १६५९ मध्ये कोल्हापूरनजीकच्या लढाईत आणि १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात पुन्हा समोर उभा राहतो. निसटलेला शत्रू परत येतो, हे खेळाडूंचे सूत्र इतिहासाने येथे खरे करून दाखविले. असे असता या कथेने निर्दय व्हावे अशी अपेक्षा कोणी केली तर ती गैर ठरणार नाही.

परंतु तसे झाले नाही. बखरकार शरण आलेल्यांना वस्त्रे देऊन सोडल्याचे नमूद करतो. आणि खानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी झाली. रावणवधानंतर राम बिभीषणास बंधूचे अंत्यसंस्कार करण्यास सांगतो, वैर मरणापाशी संपते असे म्हणतो. त्या शिकवणीशी ही कबर सुसंगत आहे. युद्धापूर्वी कमालीची सावधगिरी आणि मृत्यूनंतर वैराचा अंत, या दोन गोष्टी एकाच कथेत नांदतात, आणि त्या एकमेकींना आधार देतात. ज्याने आधी पुरेशी काळजी घेतली आहे, त्याला नंतर सूड घेण्याची गरज उरत नाही. ज्याला शवाचीही भीती वाटते, त्याने आपला विजय अपुरा असल्याची कबुलीच दिलेली असते.

या दृष्टीने पुढील काळातील एक बदल अभ्यासकांनी नोंदला पाहिजे. कबर ही दीर्घकाळ वादाचा विषय झाली. तिच्याभोवतालची अनधिकृत ठरविलेली बांधकामे १० नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे त्या भेटीच्याच तारखेस, प्रशासनाने हटविली. बांधकामांच्या वैधतेचा निर्णय हा कायद्याचा विषय आहे, वाङ्मयविभागाचा नव्हे. परंतु तारखेची निवड ही कथनाची निवड असते. तीमुळे १६५९ चा प्रसंग पुन्हा वर्तमानकाळात आणला जातो, आणि मेलेला खल पुन्हा उभा केला जातो. सांगलीच्या रंगमंचावर राक्षस परतत असे तो खेळाच्या आनंदासाठी. येथे तो परततो तो भयासाठी.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. खेळ हा खेळ आहे, नाटक हे नाटक, आणि इतिहासात खरी माणसे मरतात. या तिहींना एका मापाने मोजणे योग्य नव्हे. आक्षेप रास्त आहे, आणि प्रतापगडच्या घटनेचा निवाडा येथे केलेला नाही. येथे तुलना घटनांची नसून घटना सांगण्याच्या रीतींची आहे. आणि त्या बाबतीत मेजावरील खेळ आपणांस एक उपयुक्त कसोटी देतो: या कथेत दया दाखविणाऱ्याचे काय होते? ज्या कथेत दयेला नेहमी शिक्षाच होते, ती कथा ऐकणारेही काळजीचे रूपांतर क्रौर्यात करावयास शिकतात.

या कसोटीवर तिन्ही रीतींचे मूल्यमापन करता येते. विष्णुदासी नाटकात सावधगिरीही नाही आणि सूडही नाही. त्यात निर्भयतेचा आनंद आहे, पण धोक्याची जाणीव नाही. विराटपर्वात सावधगिरी आहे, आणि विजयाने ती कशी विस्कटते याचे भान आहे. सभासदाच्या प्रतापगडात सावधगिरी पराकोटीची आहे आणि ती मृत्यूपाशी थांबते. तिहींमध्ये हे अखेरचे कथन सर्वांत प्रौढ म्हणावे लागेल; कारण फाजलखान परत येणार हे ठाऊक असूनही ते कबरीला जागा देते.

अज्ञानदासानंतर शाहिरांनी हा प्रसंग पिढ्यान् पिढ्या गायिला आहे. त्या रचनांत चिलखताला किती कडवी मिळाली आणि खानाच्या मृत्यूनंतरच्या भागाला किती, एवढी साधी मोजणी कालक्रमाने केली तरी आपल्या शौर्यकल्पनेत काय वाढले आणि काय आटले हे दिसून येईल. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील शाहिरी बाडे व छापील पोवाडे यांचा त्या दृष्टीने शोध घेणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे.